स्क्वॉशची रॅकेट कशी निवडावी? वजन, तोल, तारा आणि खेळाची शैली

स्क्वॉश हा एकेकाळी जिमखाने, लष्करी छावण्या आणि मोजक्या क्लबांपुरता मर्यादित खेळ होता. आता तो शाळा, निवासी संकुले आणि सार्वजनिक क्रीडासंकुलांपर्यंत पोहोचला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मुंबईत झालेल्या १४१व्या अधिवेशनात, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, लॉस एंजेलिस येथील २०२८च्या ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉशचा समावेश करण्यास मान्यता मिळाली. हँगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्याच वर्षी ३० सप्टेंबरला भारतीय पुरुष संघाने अंतिम लढतीत पाकिस्तानचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले होते. त्या संघात मुंबईचा महेश माणगावकर होता. २०१४ साली इंचॉन येथे सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघातही त्याचा सहभाग होता.

या यशामुळे नव्याने खेळाकडे वळणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो रॅकेटचा. दुकानात दीड-दोन हजार रुपयांपासून वीस हजारांच्या आसपासपर्यंत किमतीच्या रॅकेट टांगलेल्या असतात. त्यांवरील आकडे आणि चिन्हे नवख्याला उमगत नाहीत, आणि मग आवडत्या खेळाडूच्या हातात दिसलेली रॅकेट विकत घेतली जाते. ती आपल्या हाताला मानवली नाही, तर खेळ सुधारत नाही, पैसे वाया जातात आणि कोपर दुखू लागते. रॅकेटची निवड कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, याचा हा आढावा.

नियम काय सांगतात?

जागतिक स्क्वॉश महासंघाच्या नियमांनुसार रॅकेटची लांबी ६८६ मिलिमीटरपेक्षा आणि रुंदी २१५ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. तारांनी व्यापलेले क्षेत्रफळ जास्तीत जास्त ५०० चौरस सेंटिमीटर आणि वजन २५५ ग्रॅमपर्यंत चालते. आज बाजारात मिळणाऱ्या सर्वच रॅकेट वजनाच्या या मर्यादेपेक्षा बऱ्याच हलक्या असतात. लांबी मात्र प्रौढांच्या जवळजवळ सर्व रॅकेटची कमाल मर्यादेइतकीच असते. त्यामुळे निवडीचा प्रश्न लांबीचा नसून वजन, तोल, डोक्याचा आकार आणि तारा या चार गोष्टींचा आहे.

या चार गोष्टींचे महत्त्व लक्षात येण्यासाठी कोर्टाची मापे ध्यानात घ्यावीत. एकेरीचे कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद असते. एवढ्या जागेत दोन खेळाडू, दोन रॅकेट आणि अवघ्या ४० मिलिमीटर व्यासाचा, २४ ग्रॅम वजनाचा रबरी चेंडू असतो. रॅकेट फिरवायला वेळ कमी आणि जागा अपुरी. भिंतीला चिकटून येणारा चेंडू काढताना चौकट भिंतीवर घासते. टेनिस किंवा बॅडमिंटनच्या रॅकेटचे निकष येथे लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

लाकडापासून ग्रॅफाइटपर्यंत

स्क्वॉशच्या इतिहासात मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे. पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावचा हाशिम खान १९४४ साली मुंबईत झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत विजेता ठरला आणि पुढील दोन वर्षे त्याने ते विजेतेपद राखले. मुंबईत व्यावसायिक प्रशिक्षक म्हणून खेळणारा अब्दुल बारी हा त्याचा त्या काळचा प्रमुख प्रतिस्पर्धी होता. फाळणीनंतर बारी भारतातच राहिला. १९५० साली ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने धडक मारली, परंतु इजिप्तच्या महमूद करीमकडून तो पराभूत झाला. बारीची ही मजल पाहूनच हाशिमला इंग्लंडला पाठवण्याच्या प्रयत्नांना पाकिस्तानात बळ मिळाले आणि १९५१ साली करीमला हरवून हाशिमने ते विजेतेपद पटकावले. पुढे कित्येक दशके खान घराण्याने या खेळावर जे वर्चस्व गाजवले, त्याची सुरुवात अशी मुंबईच्या कोर्टांशी जोडलेली आहे.

ही पिढी लाकडी चौकटीच्या रॅकेटने खेळत असे. त्या रॅकेट जड होत्या आणि त्यांची डोकी लहान व गोल असत. चेंडू तारांच्या नेमक्या मध्यावर लागला नाही, तर फटका फसत असे. १९८०च्या दशकात नियम बदलून इतर पदार्थांच्या चौकटींना मुभा मिळाली आणि ग्रॅफाइटच्या रॅकेट आल्या. वजन घटले, डोके मोठे झाले, खेळाचा वेग वाढला. रॅकेटचे निरनिराळे प्रकार निर्माण झाले आणि आपल्या खेळाला साजेशी रॅकेट शोधण्याचा प्रश्नही खऱ्या अर्थाने त्यानंतरच उद्भवला.

वजन : आकड्याचा अर्थ

रॅकेटवर छापलेले ११०, १२५, १३५ असे आकडे बहुधा वजनाचे असतात. परंतु हे वजन बहुतेक वेळा केवळ चौकटीचे असते. तारा, मुठीवरचे वेष्टण आणि डोक्यावरची संरक्षक पट्टी धरल्यास हातात येणारी रॅकेट त्याहून २० ते ३० ग्रॅमने जड भरू शकते. दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करण्याऐवजी शक्य असल्यास वजनकाट्यावर खात्री करून घ्यावी.

सर्वसाधारणपणे १२० ग्रॅमपर्यंतची चौकट हलकी, १२० ते १४० ग्रॅमची मध्यम आणि त्यापुढची जड मानली जाते. हलकी रॅकेट झटपट फिरते, व्हॉलीसाठी चटकन वर येते आणि ऐन वेळी फटक्याची दिशा बदलता येते. मात्र तिच्यात वस्तुमान कमी असल्याने चेंडू मागच्या भिंतीपर्यंत पोहोचवण्यासाठी हाताला वेग निर्माण करावा लागतो, आणि ज्याची हात फिरवण्याची पद्धत अजून पक्की झालेली नाही, त्याला ते जमत नाही. चेंडूचा धक्काही हलक्या चौकटीतून हाताला अधिक जाणवतो. जड रॅकेट स्वतःच्या वजनाने फटका पूर्ण करते आणि स्थिर राहते, पण घाईच्या वेळी उशिरा पोहोचते.

नवशिक्याने सर्वांत हलकी रॅकेट घ्यावी, असा एक समज आढळतो. तो फारसा बरोबर नाही. पहिल्या एक-दोन वर्षांसाठी १३० ते १४५ ग्रॅमच्या दरम्यानची, समतोल रॅकेट अधिक उपयोगी पडते. ती हाताला फटक्याचा पूर्ण मार्ग शिकवते आणि भिंतीवर आपटली तरी सहसा तुटत नाही.

तोल : वजन कोठे आहे?

वजनाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा असतो तो तोल. एकाच वजनाच्या दोन रॅकेट हातात अगदी निराळ्या वाटू शकतात. याचे कारण असे, की फिरत्या वस्तूला हलवण्यासाठी लागणारा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढतो. मनगटापासून १५ सेंटिमीटरवर असलेले १० ग्रॅम वजन ६० सेंटिमीटरवर नेले, तर रॅकेट फिरवताना त्याचा परिणाम सोळापट होतो. चौकटीचे एकूण वजन तेच राहिले तरी ती ‘जड’ का वाटते, याचे उत्तर येथे मिळते.

तोल तपासण्याची रीत सोपी आहे. रॅकेट एका बोटावर आडवी ठेवून ती जेथे स्थिर राहते, तो बिंदू पाहावा आणि मुठीच्या टोकापासून त्याचे अंतर मोजावे. ६८६ मिलिमीटर लांबीच्या रॅकेटचा मध्य ३४३ मिलिमीटरवर येतो. तोल त्याच्या आसपास असेल तर रॅकेट समतोल समजावी. तो मुठीकडे सरकलेला असेल तर डोके हलके, आणि ३६० मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर डोके जड. तोल मोजताना तारा बसवलेल्या असाव्यात, कारण तारांच्या वजनाने तो डोक्याकडे सरकतो.

डोके जड असलेली रॅकेट कमी श्रमात चेंडूला लांबी देते. अतिशय हलक्या चौकटींमध्ये कंपन्या तोल मुद्दाम डोक्याकडे ठेवतात, तो ताकदीची उणीव भरून काढण्यासाठी. डोके हलके असलेली रॅकेट मनगटाच्या इशाऱ्यावर चालते, मात्र लांबीची जबाबदारी खेळाडूच्या तंत्रावर टाकते.

डोक्याचा आकार

स्क्वॉशच्या रॅकेट आकाराने मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात डोके आणि दांडा यांच्यामध्ये आडवा पूल असतो व तारा त्या पुलापाशी संपतात. दुसऱ्या प्रकारात हा पूल नसतो. डोके अश्रूच्या थेंबासारखे निमुळते होत दांड्याला मिळते आणि उभ्या तारा थेट गळ्यापर्यंत उतरतात.

उभ्या तारा लांब असल्या म्हणजे त्या अधिक लवतात आणि चेंडूला अधिक जोराने परत फेकतात. त्यामुळे थेंबाच्या आकाराची रॅकेट ताकद देते आणि चेंडू नेमक्या मध्यावर लागला नाही तरी फटका बऱ्यापैकी साधतो. पूल असलेली रॅकेट चेंडूची दिशा अधिक विश्वासाने राखते. ड्रॉपसारख्या नाजूक फटक्यांवर ज्यांची भिस्त असते, असे अनेक खेळाडू हा आकार पसंत करतात.

तारा आणि त्यांचा ताण

चेंडूचा प्रत्यक्ष संपर्क येतो तो तारांशी. तरीही खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचार होतो तो तारांचाच. स्क्वॉशमध्ये साधारणपणे २२ ते २८ पौंड, म्हणजे सुमारे १० ते १२.७ किलो ताण ठेवला जातो. कमी ताणाच्या तारा झोपाळ्यासारख्या लवून चेंडूला ऊर्जा परत देतात, म्हणून फटका लांब जातो. जास्त ताणाच्या तारा कमी लवतात. त्यामुळे दिशेवर नियंत्रण राहते, मात्र ताकद हाताने पुरवावी लागते आणि धक्काही हाताला अधिक बसतो. ‘घट्ट तारा म्हणजे जोरदार फटका’ हा समज याच्या नेमका उलट आहे.

तारांची जाडी बहुधा १.१ ते १.३ मिलिमीटर असते. बारीक तार चेंडूला चांगली पकड देते पण लवकर तुटते, तर जाड तार टिकते. तारांची वीणही पाहावी. १२ उभ्या आणि १७ आडव्या, किंवा १४ उभ्या आणि १८ आडव्या तारांची विरळ वीण चेंडूला चावा आणि वेग देते. १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांची दाट वीण नियंत्रण आणि टिकाऊपणा देते.

तारा तुटल्या नाहीत तरी त्यांचा ताण दिवसेंदिवस उतरत जातो. आठवड्यातून जितके दिवस खेळ होतो, तितक्या वेळा वर्षातून तारा बदलाव्यात, असा एक प्रचलित संकेत आहे. महागड्या चौकटीत वर्षानुवर्षे जुन्या तारा वागवण्यापेक्षा मध्यम किमतीच्या रॅकेटमध्ये चांगल्या, ताज्या तारा बसवणे केव्हाही श्रेयस्कर. त्या बसवून देणारा जाणकार कारागीर मिळणे हे अर्थातच आवश्यक आहे. मुंबईत धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या बाजारात ही सोय आहे. लहान शहरांतील खेळाडूंनी टेनिस अथवा बॅडमिंटनच्या तारा बसवणाऱ्यास अपेक्षित ताण, तारेची जाडी आणि चौकटीवर छापलेली कमाल मर्यादा लिहूनच द्यावी.

हवामान आणि मूठ

स्क्वॉशचा चेंडू गरम झाल्याशिवाय नीट उसळत नाही. सामन्यात त्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. मे महिन्यात मुंबईच्या दमट, उष्ण कोर्टावर तो सहज तापतो आणि सतत उसळत राहतो. अशा वेळी नियंत्रण देणारी रॅकेट व थोडा अधिक ताण उपयोगी ठरतो. याउलट पुणे-नाशिकच्या थंडीत, किंवा जबलपूरला तिलवाऱ्याच्या बाजूने नर्मदेवरचा गारठा येतो त्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, चेंडू अर्धमेला होतो आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तेथे ताण दोन पौंडांनी उतरवला, तर फरक लगेच जाणवतो.

चेंडूची निवडही याच्याशी निगडित आहे. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू सर्वांत मंद असतो आणि तो स्पर्धांमध्ये वापरला जातो. एक पिवळा ठिपका असलेला थोडा अधिक उसळतो. लाल ठिपक्याचा चेंडू व्यासाने ६ टक्के आणि निळ्या ठिपक्याचा १२ टक्के मोठा असून ते शिकणाऱ्यांसाठी आहेत. दोन ठिपक्यांचा चेंडू उसळत नाही म्हणून अनेक नवशिके रॅकेटला दोष देतात. प्रत्यक्षात चेंडू बदलल्याने प्रश्न सुटतो.

मुठीचा मूळ घेर बहुतेक रॅकेटमध्ये एकसारखाच असतो. तो हाताप्रमाणे वाढवता येतो. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळव्याचा अंगठ्याखालचा उंचवटा यांच्यामध्ये थोडी फट राहावी. मूठ फार बारीक असेल तर रॅकेट घट्ट आवळावी लागते आणि कोपराच्या स्नायूंवर ताण येतो. दमट हवेत घामाने वेष्टण निसरडे होते, म्हणून त्यावर गुंडाळण्याची पातळ पट्टी वरचेवर बदलावी. टॉवेलच्या कापडाची पट्टी घाम अधिक शोषते.

कोणत्या शैलीला कोणती रॅकेट?

आक्रमक व्हॉली खेळणारा : हा खेळाडू कोर्टाच्या मध्यभागी, टीवर ठाण मांडून चेंडू हवेतच अडवतो. त्याला ११० ते १२५ ग्रॅमची, समतोल अथवा डोके हलके असलेली रॅकेट मानवते.

ताकदीवर भर देणारा : याचा फटका पूर्ण आणि लांब असतो. थेंबाच्या आकाराची, १२५ ते १४० ग्रॅमची, डोक्याकडे किंचित झुकलेली रॅकेट आणि २२ ते २४ पौंड ताण त्याला पुरेसा आहे. ज्याच्या हातात ताकद उपजतच आहे, त्याने मात्र आणखी ताकद विकत न घेता नियंत्रणाकडे वळावे.

मनगटी कौशल्याचा खेळाडू : ड्रॉप, लॉब आणि अखेरच्या क्षणी दिशा बदलणे ही याची शस्त्रे. पूल असलेले डोके, समतोल रचना, दाट वीण आणि २५ ते २७ पौंड ताण त्याच्या उपयोगाचा.

चिवट बचाव करणारा : प्रत्येक चेंडू परत करून प्रतिस्पर्ध्याला दमवणाऱ्या खेळाडूला मागच्या कोपऱ्यातून, अडचणीच्या स्थितीत चेंडू उचलावा लागतो. मोठे डोके, १२५ ते १३५ ग्रॅम वजन आणि मध्यम ताण त्याला साथ देतो.

चाळिशीनंतर खेळणारा किंवा कोपराचे दुखणे असणारा : अतिशय हलकी, ताठर चौकट आणि घट्ट तारा टाळाव्यात. १३० ग्रॅमच्या पुढची, थोडी लवचिक चौकट आणि २२-२३ पौंडांवर बसवलेली मऊ, बहुतंतू तार धक्का कमी करते. दुखणे कायम राहिल्यास रॅकेट बदलत बसण्याऐवजी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

हे वर्गीकरण दिशादर्शक आहे. बहुतेक खेळाडूंमध्ये दोन शैलींचे मिश्रण असते, आणि आपण कसे खेळतो याचे आपले मत व प्रत्यक्ष खेळ यांत अंतर असू शकते. प्रशिक्षकाला किंवा नेहमीच्या प्रतिस्पर्ध्याला विचारल्यास अधिक खरे उत्तर मिळते.

मुले आणि डोळ्यांची सुरक्षा

साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी कमी लांबीच्या रॅकेट मिळतात. ‘पुढे वापरता येईल’ म्हणून मुलाच्या हाती पूर्ण लांबीची रॅकेट दिल्यास तो ती दांड्यावर वर धरतो आणि चुकीची सवय लागते. ती नंतर मोडणे कठीण जाते.

रॅकेटच्या खर्चात काटकसर करता येते, पण संरक्षक चष्म्याच्या बाबतीत ती करू नये. टेनिसचा मोठा चेंडू डोळ्याभोवतीच्या हाडांवर अडतो. स्क्वॉशचा ४० मिलिमीटरचा चेंडू डोळ्याच्या खोबणीत शिरू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन पिली याने २०१४ साली मारलेल्या फटक्याचा वेग ताशी २८० किलोमीटरहून अधिक नोंदला गेला होता. क्लबातील चेंडू एवढ्या वेगाने जात नसला, तरी दृष्टी गमावण्यास तो पुरेसा असतो. शिवाय प्रतिस्पर्ध्याची रॅकेटही तोंडासमोरून फिरत असते. जागतिक महासंघाने आपल्या कनिष्ठ गटाच्या आणि दुहेरीच्या स्पर्धांमध्ये संरक्षक चष्मा सक्तीचा केला आहे. तो पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा आणि रॅकेटच्या खेळांसाठी प्रमाणित केलेला असावा. नेहमीचा काचेचा चष्मा संरक्षण करत नाही, उलट फुटून अधिक इजा करू शकतो.

खरेदीपूर्वी

रॅकेट पाहताच खरेदी न करता शक्य असल्यास ती मागून घेऊन किमान दोन-तीन सामने खेळून पाहावी. पहिल्या दहा मिनिटांत नवी रॅकेट नेहमीच चांगली वाटते. तिची खरी परीक्षा होते ती तिसऱ्या गेममध्ये, हात थकल्यावर. थकलेल्या हातानेही चेंडू मागच्या भिंतीपर्यंत जात असेल आणि व्हॉलीला रॅकेट वेळेवर पोहोचत असेल, तर ती योग्य.

चौकट सर्व बाजूंनी निरखून पाहावी. केसाएवढी चीर असली तरी ती तारांच्या ताणाखाली वाढत जाते. संरक्षक पट्टी बदलून मिळते का, हेही विचारावे, कारण भिंतीचे घाव तीच सोसते. भिंतीवर आपटून झालेली मोडतोड हमीमध्ये बहुधा बसत नाही. जुनी रॅकेट घेण्यास हरकत नाही, मात्र तिच्या तारा बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत रॅकेट ठेवू नये, कारण उष्णतेने तारांचा ताण उतरतो.

मर्यादित पैशांत सुरुवात करणाऱ्याने खर्चाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा : प्रथम संरक्षक चष्मा, मग डाग न पाडणाऱ्या तळव्याचे, कोर्टावर न घसरणारे बूट, त्यानंतर मध्यम वजनाची समतोल रॅकेट आणि शेवटी तारा. वर्षभर नियमित खेळल्यानंतर आपण गुण कोठे मिळवतो आणि कोठे गमावतो, हे कळू लागते. महागडी रॅकेट घ्यायची की नाही, याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.